रुखवतापासून मजल्यांच्या केकपर्यंत

आपल्या भंडारा जिल्ह्यात तुमसरला जा की पवनीला, लाखनीला की साकोलीला, वाढदिवस म्हटला की केक आलाच. मुलांची फर्माईशही ठरलेली असते: केक दोन मजली हवा आणि वर व्हिडिओ गेममधला गडी उभा हवा. आजी म्हणते, "हे काय नवीन खूळ काढलं!" आज याच खुळाचा इतिहास पाहू. तो वाटतो तितका परका नाही, आणि त्यात बाईच्या मेहनतीचा एक जुना हिशेब अडकून राहिला आहे.

मजल्यांचा केक इंग्लंडच्या राजघराण्यातल्या लग्नांमुळे गाजला. सुरुवातीला वरचे मजले नुसते साखरेचे, शोभेचे असत. १८८२ साली राजपुत्र लिओपोल्डच्या लग्नात सगळे मजले खऱ्या केकचे होते, असे सांगतात. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, केरळात तलश्शेरीला मांबळ्ळी बापू यांनी मर्डॉक ब्राउन या मळेवाल्या साहेबासाठी नाताळचा केक केला. साहेबाने नमुना विलायतेहून आणलेला होता. बापूंनी तो चाखून इथल्या मालमसाल्यातून तसाच केक उभा केला.

पुढे मुंबई-पुण्यात इराणी बेकऱ्यांनी केक लोकांच्या तोंडी बसवला. पुण्याची कयानी बेकरी १९५५ ची. पण बेकरीची भट्टी घरात कुठून आणायची? ती अडचण कुकरने सोडवली. १९५९ साली मुंबईत हॉकिन्स कंपनी सुरू झाली आणि हळूहळू प्रेशर कुकर घरोघरी पोहोचला. तळाला मीठ किंवा वाळू, वर जाळी, झाकणाची रिंग आणि शिटी काढलेली, अशी आपली भट्टी बायकांनीच तयार केली. अंड्याची अडचण दही-सोड्याने आणि आटवलेल्या गोड दुधाने भागवली. बेकिंग पावडरची गोष्टही अशीच घरातली आहे. १८४३ साली इंग्लंडमधल्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्याने ती बनवली, कारण त्याच्या बायकोला यीस्ट चालत नव्हते.

आता सजावटीकडे वळू. खाण्याच्या वस्तूला रूप देण्याची कला आपल्याला केकने शिकवली का? मुळीच नाही. संक्रांतीला काटेरी हलव्याचे दागिने कोण करतं? होळीला लेकरांच्या गळ्यात साखरेच्या गाठ्या पडतातच. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी सजवताना घरातल्या बायका किती जीव ओततात, हे आपण दरवर्षी पाहतो. आणि लग्नातलं रुखवत! लाडवांचे मनोरे, रंगीत करंज्या, साखरेची तुळस, बिस्किटांचा बंगला. व्हिडिओ गेमचा केक म्हणजे याच रुखवताची धाकटी बहीण. विषय तेवढा बदलला.

त्या विषयाचीही एक गंमत ऐका. १९८० मध्ये जपानमध्ये 'पॅक-मॅन' नावाचा गेम आला. तोवर बहुतेक गेम मारामारीचे आणि गोळीबाराचे असत. बायका-मुलींनाही खेळावासा वाटेल असा गेम तोरू इवातानी यांना करायचा होता, म्हणून त्यांनी 'खाणे' हा विषय घेतला. ठिपके खात सुटलेला तो पिवळा गोळा त्यातूनच आला. १९८५ मध्ये 'सुपर मारिओ ब्रदर्स' आला. पुढे आलेल्या 'माइनक्राफ्ट'मध्ये तर केकच करता येतो: तीन बादल्या दूध, दोन साखर, एक अंडं आणि तीन गहू! जुन्या गेममधली चित्रं लहान लहान चौकोनांची असत, माइनक्राफ्टचं जग ठोकळ्यांचं. त्यामुळे घरी केक करणारीचं काम सोपं होतं. साखरेच्या मळलेल्या गोळ्याची पोळी लाटायची आणि पट्टी धरून सुरीने चौकोन कापायचे. साचा लागत नाही.

मजले उभे करताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. वरच्या केकचं वजन खालच्या केकवर टाकायचं नसतं. खालचा आठ इंची असेल तर वरचा पाच-सहा इंची घ्या आणि तो स्वतंत्र पुठ्ठ्यावर ठेवा. खालच्या केकमध्ये त्याच्याच उंचीच्या चार-पाच जाड स्ट्रॉ उभ्या रोवा आणि वरचा पुठ्ठा त्यांच्यावर टेकवा. मांडवाचे खांब असतात ना, तसंच हे. कापताना स्ट्रॉ आठवणीने काढा. आपल्या वैशाखात क्रीम धीर धरत नाही, म्हणून मजले आधी वेगवेगळे थंड करा आणि जिथे कापायचा तिथेच नेऊन रचा.

आता त्या जुन्या हिशेबाकडे येते. रुखवतासाठी बायकांनी रात्री जागवल्या, पाहुण्यांनी कौतुक केलं, पण त्या कामाचा दाम कुणी धरला नाही. माया म्हणून केलं, म्हणून ते फुकटात गेलं. आज गावोगावच्या बहिणी घरून केक विकतात, आणि तीच सवय त्यांच्या आड येते. केक किलोवर विकला जातो. मैदा, साखर, क्रीम यांचे पैसे निघतात. पण सहा तास बसून केलेला मारिओ वजनात किती भरणार? पन्नास ग्रॅम! गिऱ्हाईक म्हणतं, "घरीच तर करता, एवढे कशाचे?"

म्हणून वही ठेवा. सामान, गॅस, वीज, डबा, पुठ्ठा एका बाजूला लिहा आणि हाताचे तास दुसऱ्या बाजूला. भाव सांगताना दोन्ही बाजू धरा, आणि सजावटीचा आकडा वेगळा सांगा. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे घरून विकणारीलाही नोंदणी लागते, तीही करून घ्या. नातवंडाचा केक मायेने करा, त्याला मोल नाहीच. पण विकायचा केक कराल तेव्हा आपल्या आज्यांच्या हातचं जे मोजलं गेलं नाही, ते तुमच्या वहीत मोजलं जाऊ द्या.