ई-पुस्तकांची देवघेव (मुंबई उपनगरे)

सार्वजनिक ग्रंथालयातून ई-पुस्तक ठरावीक मुदतीसाठी वाचायला मिळण्याची सोय. परवाना एका प्रतीचा असेल, तर ती एका वेळी एकाच वाचकाला मिळते. मुदत संपताच फाइल बंद होते, त्यामुळे दंडाचा प्रश्न येत नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील वाचनालये मात्र मुख्यतः अनामत, वर्गणी आणि छापील पुस्तके यांवरच चालतात. आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय २०१८ मध्ये देशाला खुले झाले. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात, ती परत करावी लागत नाहीत. लोकलमध्ये एका हाताने कडी धरून उभ्याने वाचणाऱ्याला ही मोठीच सोय. नव्या मराठी कादंबऱ्या मात्र अशा फारशा मिळत नाहीत. ही उणीव बोचते, कारण वाचनालयाच्या खिडकीवर मागणी त्यांनाच असते.