९ बॉम्ब की ३?

पटावरच्या वॉरगेममध्ये विमानांनी जहाजांवर हल्ला केला की वाद ठरलेलाच! नियमात सगळं लिहिलेलं नसतं. मग अर्थ लावायचा कुणी, आणि कधी?

मे १९४२. जपानी नौदलाने 'यामातो' या युद्धनौकेवर मिडवे मोहिमेची रंगीत तालीम पटावर केली. डावात मिडवे बेटावरच्या अमेरिकन विमानांनी हल्ला केला. पंच ओकुमिया यांनी फासे टाकून निकाल दिला: ९ बॉम्ब लागले, 'आकागी' आणि 'कागा' या विमानवाहू नौका बुडाल्या. ॲडमिरल उगाकींनी ९ चे ३ केले. 'आकागी' वाचली. पुढच्या डावात तर बुडालेली 'कागा'सुद्धा चक्क हजर! हे ओकुमिया यांनीच फुचिदांबरोबर लिहिलेल्या पुस्तकात आहे.

पण उगाकींना लगेच हसू नका. ४ जूनच्या खऱ्या लढाईत बेटावरून आलेल्या विमानांचा एकही बॉम्ब या नौकांना लागला नाही. म्हणजे ९ हा आकडा जास्तच होता! घात केला तो अमेरिकन विमानवाहू नौकांवरच्या डाइव्ह बॉम्बर्सनी. सकाळी काही मिनिटांत 'आकागी', 'कागा', 'सोर्यू' पेटल्या, आणि संध्याकाळी 'हिर्यू'. चारही गेल्या.

माझ्या मते आकडा बदलणं एक वेळ माफ. पण बुडालेली नौका परत पटावर ठेवली, की 'ती नसेल तर काय?' हा प्रश्नच उरत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर फेल झालेली टेस्ट डिलीट करून रिलीज देण्यासारखंच ते.

तेव्हा मंडळी, नियमावरून जरूर भांडा... फक्त फासे टाकायच्या आधी!