वेशीच्या आंत आणि बाहेर

बुलढाणा जिल्ह्यांतील मेहकर हें पैनगंगेच्या कांठचें पुरातन गांव. मेघंकर नांवाच्या दैत्याला शार्ङ्गधर विष्णूनें येथें मारिलें व त्यावरून गांवास हें नांव पडलें, अशी आख्यायिका आहे. अकबराच्या काळीं वऱ्हाड सुभ्यांतील एका सरकारचें हें मुख्य ठिकाण होतें. नागपूरकर जानोजी भोसल्यांस शासन करण्यास निघालेल्या माधवराव पेशव्यांचा तळ १७६९ सालीं येथेंच पडला होता. परंतु फौजा येतात आणि जातात. मेहकरची खरी विचार करण्याजोगी गोष्ट आहे ती तेथील विणकरांची.

पंधराव्या शतकांत येथें मोमीन विणकरांची मोठी वस्ती होती. माग चालत होते, कापड खपत होतें, हातीं पैसा खेळत होता. त्या पैशांतून ह्या लोकांनीं गांवाभोंवतीं तट घालण्याचें काम अंगावर घेतलें, अशी नोंद वऱ्हाडच्या जुन्या गॅझेटिअरांत आहे. तटाच्या एका दरवाज्यास त्यांचेंच नांव पडलें, आणि त्यावरील लेखांत इ. स. १४८८ चा काळ दिलेला आहे. तट बांधणें हें राजाचें किंवा जहागिरदाराचें काम. तें कोष्टीकाम करणाऱ्या लोकांनीं पत्करावें, हें नवल खरेंच. पण तो काळ पाहिला म्हणजे उलगडा होतो. १४८१ मध्यें बहामनी राज्याचा खंबीर वजीर महमूद गवान ह्याचा शिरच्छेद झाला, तरफदार आपापल्या जागीं स्वतंत्र होऊं लागले, आणि १४९० मध्यें वऱ्हाडांत इमादशाही उभी राहिली. वरचें छत्र डळमळूं लागलें म्हणजे माणूस शेजाऱ्याचा हात धरतो.

‘मोमीन’ ह्या शब्दाचा अर्थ श्रद्धावान. उत्तर हिंदुस्थानांत विणकराला ‘जुलाहा’ म्हणत, आणि त्या शब्दांत हेटाळणीचा वास असे. त्याऐवजीं ह्या लोकांनीं मोमीन हें नांव धारण केलें. एकट्या विणकराला बाजारांत कोणी मान देत नव्हतें. जमातीला मात्र द्यावा लागला. चौदाव्या शतकांत ट्यूनिस येथें जन्मलेल्या इब्न खल्दून नामक इतिहासकारानें ह्या एकोप्याच्या भावनेस ‘असबिया’ असें नांव दिलें, व राज्यें उदयास येतात तीं तिच्या बळावर आणि बुडतात तीं ती ओसरल्यामुळें, असा सिद्धांत मांडला. राज्यांपुरतें त्याचें म्हणणें कितपत खरें, ह्याविषयीं वाद आहे. मेहकरच्या तटापुरतें तें बरेंचसें पटतें.

समूहाच्या आश्रयाची किंमतही मोजावी लागते. आपल्याकडे ज्ञातीच्या पंचांनीं एखाद्यास वाळीत टाकलें, म्हणजे त्याच्या पंक्तीस कोणी बसेना, त्याच्या मुलीस स्थळ मिळेना, आणि घरांत मृत्यु झाला तर खांदा देण्यास चार माणसें मिळेनात. शिक्षेस तुरुंग लागत नसे, शिपाई लागत नसे. पुण्यासारख्या शहरांत, १८९० सालीं, मिशनऱ्यांच्या घरचा चहा घेतल्याबद्दल रानडे आणि टिळक ह्यांच्यावरही ग्रामण्याचा प्रसंग आला, आणि उभयतांस प्रायश्चित्त घ्यावें लागलें. तेथें साध्या कुणब्या-कारागिराचा काय पाड? ही रीत गेली म्हणावें, तर सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्र विधिमंडळास २०१६ मध्यें कायदा करावा लागला आणि तो २०१७ पासून अंमलांत आला.

पण वाळीत पडलेला मनुष्य निदान कधीं काळीं आंत होता. महाराष्ट्रांतील गांवगाड्यांत वेशीच्या आंत कधींच न घेतलेलेही लोक होते. आणि त्यांतलें विलक्षण हें कीं, वेस राखण्याचें काम त्यांच्याकडेच असे. वेसकर हा जातीचा महार. घुंगरांची काठी हातीं घेऊन त्यानें रात्रीं जागावें, आल्यागेल्याची चौकशी करावी, दिवस उजाडला म्हणजे घरोघर भाकरी मागावी, आणि निजण्यास वेशीबाहेरच्या महारवाड्यांत जावें. गांवाचा त्याच्यावर विश्वास होता. त्याच्या सावलीवर नव्हता.

मेहकरचें वैभव त्या तटानें राखलें नाहीं. पुढें पेंढाऱ्यांच्या धाडींनीं गांव नागविलें आणि १८०३ च्या सुमाराच्या भयंकर दुष्काळानें उरलेलें नेलें. माग बंद पडले, घरें ओस पडलीं. तट पैशाच्या जोरावर उभा राहिला होता. पैसा संपल्यावर त्याची डागडुजी कोण करणार?

वेसकरानें मात्र आपली वाट निराळी काढली. १९२७ च्या नोव्हेंबरांत वऱ्हाडांतच, अमरावती येथें, अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न घेऊन अस्पृश्यांची परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे अध्यक्ष होते. तेव्हां मागणी आंत घेण्याची होती. १९३५ सालीं येवल्यास त्यांनीं हिंदु म्हणून मरणार नाहीं असें जाहीर केलें, तेव्हां तो सूर पालटला होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास लाखों लोकांनीं त्यांच्यासमवेत बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. गांवोगांवचे लोक दीक्षा घेऊन परतले. मेलेलीं गुरें ओढणें अनेकांनीं सोडून दिलें, आणि कित्येक ठिकाणीं वेसकराची काठी पुन्हां कोणी हातीं धरली नाहीं.