नाम कसे ओळखावे? मरे, दादोबा आणि आमचे चोपडे

शब्दांच्या जाती किती? आठ. हे उत्तर आपल्याला इतक्या लहानपणी पाठ होते की त्यालाही इतिहास असेल अशी शंका येत नाही. यास्काने पदजाती चारच मानल्या: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. पाणिनीने तर पदाचे दोनच प्रकार केले, सुबन्त आणि तिङन्त. शब्दाचा अर्थ काय, यापेक्षा त्याला शेवटी कोणते प्रत्यय लागतात, हे त्याने पाहिले. मग आपल्या आठ जाती आल्या कुठून?

त्यांचा माग काढला की आपण इंग्लंडात यॉर्कला पोहोचतो. तिथे स्थायिक झालेल्या लिंडले मरे या अमेरिकी वकिलाने मुलींच्या एका शाळेसाठी इंग्रजी व्याकरण लिहिले आणि ते 1795 मध्ये छापले. त्यात शब्दांच्या जाती नऊ होत्या. 1836 मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केले, तेव्हा ते अवघे बावीस वर्षांचे होते आणि मरेची चौकट त्यांच्यासमोर होती. मरेच्या नऊ जातींतून उपपद, म्हणजे 'अ', 'अ‍ॅन', 'द', काढा. राहतात त्या आपल्या शाळेतल्या आठ. मराठीत उपपद नाही, म्हणून ते गळणे रास्तच. 'प्रिपोझिशन'च्या जागी 'शब्दयोगी अव्यय' ही संज्ञाही मला फार समर्पक वाटते. इंग्रजीत तो शब्द नामाच्या आधी येतो, आपल्याकडे मागून चिकटतो: 'घरासमोर', 'झाडाखाली'.

खटकते ती नामाची व्याख्या. जे आहे किंवा ज्याची कल्पना करता येते त्याचे नाव म्हणजे नाम, ही मरेची अर्थावर उभी असलेली व्याख्या. आपल्याकडेही 'व्यक्ती, वस्तू, गुण यांचे नाव ते नाम' अशीच घोकंपट्टी चालते. दादोबांना 'मराठीचे पाणिनी' म्हणतात; पण पाणिनीची प्रत्ययाची कसोटी या व्याख्येत मागे पडली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी दादोबांच्या व्याकरणाची चिकित्सा केली, मोरो केशव दामल्यांनी 1911 मध्ये 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहिले. व्याख्या मात्र वर्गात टिकून राहिली.

याचा फटका चोपड्यासारख्या गावात इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला बसतो. 'रन' हे नाम की क्रियापद? क्रिकेटमुळे तो शब्द त्याच्या तोंडात असतो. फलकावर पन्नास 'रन' लागतात तेव्हा ते नाम, जोडीदार 'रन!' ओरडतो तेव्हा क्रियापद. अर्थ दोन्हीकडे धावण्याचाच. शेवटचा 'स'ही मदत करीत नाही, कारण 'लाँग वॉक्स' आणि 'ही वॉक्स' या दोन्हींत तो आहे. मदत करते ते शब्दाचे वाक्यातले स्थान आणि त्याच्या आधीचे 'अ' किंवा 'द'. मराठी यादीतून गळालेली नववी जातच इथे वाटाड्या होते, आणि 'जाती आठ' घोकलेल्या मुलाची नजर नेमकी तिच्यावरून घसरते.

दुसरा वाटाड्या त्याच्या घरात असतो. सातपुडा आणि तापी यांच्यामधल्या या पट्ट्यात अहिराणी बोलतात, डोंगराकडे पावरी. अहिराणीत 'घर'चे 'घरमा' होते, 'मी'चे 'माले'. 'मा', 'ले', 'ना' हे प्रत्यय नामाला किंवा सर्वनामाला लागतात. 'जातो', 'खातो' यांना कोणी 'मा' लावीत नाही. ही पाणिनीचीच कसोटी आणि ती आईच्या बोलीतून आलेली. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणात 1907 च्या खंडात खानदेशीचा स्वतंत्र विचार आहे. तरीही वर्गात तिला 'अशुद्ध मराठी' म्हणून गप्प केले जाते, याचा मला राग येतो. ज्या मुलाला विभक्ती न शिकवता येते, त्याला आपण व्याकरण येत नाही म्हणतो.

मी मुलांना 'स्विमिंग' देतो. 'स्विमिंग इज गुड' आणि 'ही इज स्विमिंग'. पहिल्याचे मराठी 'पोहणे', त्याला प्रत्यय लागतो: पोहण्यात, पोहण्याला. दुसऱ्याचे 'पोहत आहे', त्याला लागत नाही. पहिले नाम, दुसरे क्रियापदाचा भाग. बहुतेकांना हे एका तासात कळते.

अडतात ती 'द पुअर'पाशी. विशेषणाच्या आधी 'द' कसा? मग 'गरिबाला मदत कर' हे वाक्य फळ्यावर लिहावे लागते. तिथे 'गरीब' या विशेषणानेही नामाचा प्रत्यय घेतलेला असतो. ग्रीक आणि लॅटिन व्याकरणकार तर विशेषणाला नामातच धरीत. त्याला वेगळी जात मिळाली ती फार नंतर.