हुजूर दफ्तर

संगणकाच्या कितीतरी आधी पेशव्यांच्या कारभारावर नजर ठेवणारी यंत्रणा पुण्यात होती, ती म्हणजे हुजूर दफ्तर. गावचा हिशेब कुळकर्णी लिही, परगण्याचा देशपांडे. मामलतदाराच्या कचेरीत मजुमदार, फडणीस असे दरकदार, म्हणजे ठरलेल्या पदांचे अधिकारी, असत आणि त्यांना काढून टाकण्याचा अधिकार मामलतदाराला नसे. खरी मेख इथेच होती: वरिष्ठाचा हिशेब तपासणारा माणूस वरिष्ठाचा मिंधा नव्हता.

हे सारे कागद पुण्यात हुजूर दफ्तराच्या फडावर, म्हणजे कचेरीत, येत. या दफ्तराचा एक भाग म्हणजे रोजच्या कामाचे चालते दफ्तर. त्यातल्या बेहेडा शाखेत येत्या वर्षाच्या जमाखर्चाचा अंदाज बांधला जाई, सरंजाम शाखेत सरदारांच्या नेमणुका पाहिल्या जात. दुसऱ्या भागात, एकबेरीज दफ्तरात, मात्र सगळ्या खात्यांचे हिशेब एकत्र करून तरजमे, म्हणजे गोषवारे, होत. जमा किती, खर्च किती, बाकी किती, हे एका नजरेत कळे. फौजेबरोबर कारभार हिंडला तरी हे दफ्तर पुणे सोडत नसे. शेकडो कारकून मोडी लिपीत लिहीत आणि कागद कापडी रुमालांत बांधून ठेवत.

दुसऱ्या बाजीरावाने मामलती मक्त्याने, म्हणजे ठरीव रकमेच्या बोलीवर, द्यायला सुरुवात केली, तशी या यंत्रणेची रयाच गेली. रक्कम आधीच ठरलेली असताना हिशेब तपासायचे कुणी आणि कशासाठी? 1818 साली पेशवाई संपल्यावर दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. इनामांचे दावे तपासताना त्यांनाही याच कागदांचा आधार घ्यावा लागला. पुढे इतिहासकार गो. स. सरदेसाई यांनी त्यातील निवडक कागद 45 खंडांत प्रसिद्ध केले.