पंचहौदच्या बिस्किटापासून उंदीरमामाच्या केकपर्यंत



आमच्या घरी गौरी-गणपतीच्या सुट्टीत नातवंडे उंदराच्या आकाराचा केक करतात. मोदकांच्या ताटाशेजारी तो पाहून पाहुणे हमखास विचारतात, "हे काय नवीन?" त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले, ते स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवतो.

सुरुवात पुण्यापासून करावी लागेल. १८९० साली तिथल्या पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. मंडळींत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकही होते. डॉ. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात प्रसिद्ध करवली आणि मोठे ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांनी आणि रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतले. ज्या टिळकांनी १८९३ पासून गणपती चौकात आणला, त्यांनाही एका चहाच्या कपाने एवढे सतावले होते! आक्षेप चवीला नव्हता. पदार्थ कोणाच्या हातचा, हा खरा प्रश्न होता.

आज त्या वादातले आपल्या अनेक घरांत एकच कलम उरले आहे, ते म्हणजे अंडे. त्यावरचा तोडगाही जुनाच आहे. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम शहरी आल्फ्रेड बर्ड नावाचे औषधविक्रेते होते. त्यांच्या पत्नीला अंडी आणि यीस्ट दोन्ही सोसत नसत. तिच्यासाठी त्यांनी १८३७ मध्ये बिनअंड्याचे कस्टर्ड आणि १८४३ मध्ये बेकिंग पावडर तयार केली. अंडे केकमध्ये हवा धरते आणि मिश्रण बांधते. बिनअंड्याच्या केकात हवेचे काम दह्याचा आंबटपणा आणि सोडा मिळून करतात. त्यांतून निघणारा वायू केक फुगवतो आणि भिजलेला रवा तो आकार धरून ठेवतो.

राहिला प्राण्याचा आकार. तो तर मुळीच परका नाही. खंडोबाचे कुळाचार असलेल्या काही घरांत चंपाषष्ठीच्या सुमारास कणकेचे नागदिवे वाफवतात, तुपाची वात लावून ओवाळतात आणि मग प्रसाद म्हणून खातात. इथे कर्नाटकात संक्रांतीला एळ्ळु-बेल्ल वाटतात, त्यासोबत 'सक्करे अच्चु' म्हणजे साखरेची चित्रे असतात. लाकडी साचे आधी पाण्यात भिजवायचे, दोन्ही भाग घट्ट बांधायचे आणि त्यांत दुधाने मळी काढलेला पाक ओतायचा. साचा उघडला की हत्ती, मोर, पोपट, मासा बाहेर! आपल्या शेजारच्या कन्नड घरांतून ही चित्रे आपल्याकडे येतात, तेव्हा बरोबरचा संदेशही आपल्या तिळगुळाचाच असतो : गोड खा, गोड बोला.

सातासमुद्रापलीकडेही हेच. फ्रान्सच्या आल्सास प्रांतात ईस्टरला घरोघरी कोकराच्या आकाराचा केक होतो. सूफ्लेनहाइम गावचे कुंभार त्याचे मातीचे साचे घडवतात. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात पूर्वी अंडी वर्ज्य असत. त्यामुळे घरात साठलेली अंडी सणाच्या या केकात कामी येत. त्यांचा केक उपवासामुळे अंड्यांचा झाला, आपला सोवळ्यामुळे बिनअंड्याचा!

आता आमचा उंदीरमामा. दोन वाट्या बारीक रवा, एक वाटी दही, एक वाटी पिठीसाखर, अर्धी वाटी पातळ तूप आणि अर्धी वाटी दूध एकत्र करून अर्धा तास ठेवावे. मग एक चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा घालून तूप लावलेल्या गोल डब्यात ओतावे. ओव्हन नसेल तर कुकरची शिट्टी आणि रबर काढून, तळाशी मीठ पसरून, मंद आचेवर सुमारे पाऊण तास भाजावे. पूर्ण गार झाल्यावर गोल केक मधोमध कापावा. दोन्ही अर्धगोल साईने चिकटवून कापलेल्या बाजूवर उभे करावेत, की पाठीला बाक असलेला उंदीर तयार. कानांना दोन नानकटाया, डोळ्यांना मनुका, शेपटीला खोबऱ्याचा लांब काप.

आमच्या सौ.चा नियम मात्र पक्का आहे. नैवेद्याला एकवीस उकडीचे मोदकच. केक आरतीनंतर, मुलांचा खाऊ म्हणून. यावर सूनबाईंचे म्हणणे असे, की रवा, तूप, साखर आणि दूध हा शिधा शिऱ्याचाच आहे, मग देवापुढे का नको? दोघींचा हा वाद अजून मिटलेला नाही आणि तो मिटावा अशी कोणाची घाईही नाही. पण दोन वर्षांपूर्वी गावाहून आलेल्या आमच्या वयोवृद्ध मावशींनी, ज्यांनी जन्मात बेकरीची वस्तू तोंडात घातली नव्हती, त्यांनी एकेक जिन्नस विचारून घेतला. "कोणी केला?" म्हणाल्या. नात म्हणाली, "मी." त्यावर मावशींनी कानाची नानकटाई बाजूला ठेवली आणि पाठीचा एक तुकडा मागून घेतला.

"कोणाच्या हातचे?" या १८९० सालच्या प्रश्नाला आमच्या घरात मिळालेले हे उत्तर आहे. परगावी वाढणाऱ्या मुलांना मोदकाच्या कळ्या पाडायला वेळ लागेल. तोवर पीठ मळायला, साचा भरायला आणि बाप्पाच्या वाहनाला कान लावायला त्यांना स्वयंपाकघरात येऊ द्यावे. एकदा तिथे रमली, की पुढची पायरी उकडीची आहे.

गणपती बाप्पा मोरया!