मास्क लावला म्हणजे कामगार सुरक्षित? कारखान्यातल्या हवेतलं विष कसं मोजतात?

तारापूर, महाड, लोटे, कुरकुंभ... राज्यातल्या कोणत्याही केमिकल झोनमध्ये गेलात की गेटवर एक बोर्ड हमखास दिसतो : हेल्मेट, गॉगल, सेफ्टी शूज आणि मास्क वापरा. पण आतल्या हवेत नेमकं काय आणि किती आहे, हे मोजल्याशिवाय कोणता मास्क द्यायचा हे ठरवता येतं का? तर नाही. हे मोजमाप कसं होतं, ते समजून घेऊया.

वासावरून कळत नाही का?

नेहमी नाही. कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण 100 पीपीएमच्या (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास गेलं की वास घेण्याची क्षमताच बधिर होते. वास थांबला म्हणून गॅस गेला असं समजणाऱ्या माणसासाठी तोच क्षण सर्वात धोक्याचा असतो.

मग मोजतात कसं?

मुख्य पद्धती दोन. पहिली म्हणजे गॅस डिटेक्टर. खिशाला लावलेलं किंवा भिंतीवर बसवलेलं हे यंत्र प्रमाण वाढलं की लगेच अलार्म देतं. अचानक होणाऱ्या गळतीसाठी ते उपयोगी आहे.

दुसरी पद्धत दिवसभराचा हिशेब सांगते. कामगाराच्या कमरेला छोटा पंप आणि कॉलरजवळ एक नळी किंवा फिल्टर लावतात. नाकाजवळची हवा शिफ्टभर त्यातून खेचली जाते आणि नंतर नमुना प्रयोगशाळेत तपासला जातो. धूळ असेल तर फिल्टरचं आधीचं आणि नंतरचं वजन पाहतात. भिंतीवरचं यंत्र खोलीची हवा मोजतं, तर कॉलरवरचं यंत्र त्या माणसाच्या श्वासात काय जातंय ते सांगतं.

मर्यादा किती?

1984च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, 1987 मध्ये कारखाने अधिनियम, 1948 मध्ये दुरुस्ती झाली आणि रसायनांच्या कमाल मर्यादांचा तक्ता कायद्यात आला. त्यात प्रामुख्याने दोन आकडे असतात : आठ तासांची सरासरी आणि 15 मिनिटांची मर्यादा.

बर्फाच्या कारखान्यात आणि कोल्ड स्टोरेजमध्ये वापरल्या जाणाऱ्या अमोनियाचं उदाहरण घेऊ. त्याची आठ तासांची सरासरी मर्यादा 25 पीपीएम आणि 15 मिनिटांची मर्यादा 35 पीपीएम आहे. समजा, एक कामगार दोन तास 40 पीपीएममध्ये आणि सहा तास 15 पीपीएममध्ये होता. सरासरी येते 21.25. कागदावर सगळं ठीक! पण त्या दोन तासांत 35ची मर्यादा ओलांडली गेली होती. म्हणून फक्त सरासरी दाखवणारा रिपोर्ट अर्धवट असतो.

आणखी एक गोष्ट. हे आकडे आठ तासांच्या पाळीसाठी आहेत. बारा तासांची ड्युटी केली तर शरीरात जास्त विष जातं आणि ते बाहेर पडायला वेळ कमी मिळतो. सलग ओव्हरटाइम करणाऱ्यांच्या बाबतीत हे लक्षात घ्यायलाच हवं.

कोणता मास्क कशासाठी?

- एन-95 : धूळ आणि बारीक कणांसाठी. गॅस आणि सॉल्व्हंटची वाफ यातून आरपार जाते.
- कार्ट्रिज असलेला मास्क : ठरावीक गॅससाठी. अमोनियाचं कार्ट्रिज वेगळं, सॉल्व्हंटच्या वाफेचं वेगळं. ते भरत जातं, त्यामुळे वेळेवर बदलावं लागतं.
- हवेचा सिलिंडर किंवा बाहेरून हवा पुरवणारं उपकरण : टाकी, चेंबर, बंदिस्त जागेसाठी. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली असेल तर कोणताही फिल्टर उपयोगाचा नाही, कारण फिल्टर हवा गाळतो, ऑक्सिजन तयार करत नाही.

मास्क चेहऱ्याला घट्ट बसणंही तितकंच महत्त्वाचं. दाढी असेल तर कडेने फट राहते आणि हवा तिथून आत येते.

मास्कचा नंबर शेवटचा का?

सुरक्षेचा क्रम ठरलेला आहे. आधी घातक रसायन टाळा किंवा बदला. ते शक्य नसेल तर यंत्रणा बंदिस्त करा, धूर-वाफ जागच्या जागी खेचणारे एक्झॉस्ट बसवा. मग कामाचे तास आणि पाळ्या बदला. सगळं करूनही जो धोका उरतो, त्यासाठी मास्क. आधीच्या पायऱ्या गाळून थेट मास्क हातात दिला, तर सगळा भार कामगाराच्या अंगावर येतो. उकाड्यात, घामात आठ तास तो नीट लावून ठेवणं किती कठीण आहे, हे प्लांटमध्ये काम करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

कामगार काय विचारू शकतो?

21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कायद्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, 2020 लागू झाली. आपल्या सुरक्षा आणि आरोग्याबद्दलची माहिती मालकाकडे मागण्याचा हक्क त्यातही आहे. गंभीर धोका दिसला तर तो थेट किंवा सुरक्षा समितीमार्फत कळवता येतो. राज्यात तक्रारीसाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे.

तुम्ही किंवा घरातलं कुणी प्लांटमध्ये काम करत असेल, अगदी कंत्राटी असलात तरी, हे चार प्रश्न नक्की विचारा : माझ्या जागेवरची हवा शेवटची कधी मोजली? 15 मिनिटांचा आकडा किती आला? माझा मास्क नेमका कोणत्या गॅससाठी आहे? कार्ट्रिज कधी बदललं?